मावशीचा आयतवार

मंजुळामावशीचं माझ्या वडलांशी लग्न लागलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईला जाऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते. विहारात वस्तीतली माणसं दाटीवाटीने बसली होती, बौद्धाचार्य गाथा म्हणत होते, आणि पांढऱ्या साडीतली मावशी बाबांकडे बघत नव्हती, आमच्याकडेही बघत नव्हती. विहाराच्या उघड्या दारातून रस्त्याचा जेवढा तुकडा दिसत होता तेवढ्याकडे ती बघत होती. हे १९७९ साल.

आमची वस्ती पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्याला, कापडे गावाच्या अलीकडे. बावीस घरं, एक विहीर, आणि घरांच्या तोंडासमोरून जाणारा हा रस्ता. पुढे तोच आंबेनळी घाटाने वर चढतो. वर महाबळेश्वर, त्याच्याही पुढे पाचगणी. मावशी पाचगणीला होती.

अठराव्या वर्षी ती तिथल्या एका बोर्डिंगच्या शाळेत भांडी घासायला गेली. आमच्याकडच्या बऱ्याच बायका तशा जायच्या आणि चार-सहा महिन्यांनी थंडीला कंटाळून खाली यायच्या. मावशी आली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात आग्नेस बाई म्हणून एक गोव्याकडची म्हातारी होती, मुदपाकखान्याची मुख्य. तिने वर्षभरात मावशीला भांड्यांवरून उठवून कणकेवर घेतलं, आणि दोन वर्षांत भट्टीवर. भट्टीत हात घालून आच किती आहे ते सांगणारी ती दुसरी, असं आग्नेस बाई म्हणायची. पहिली म्हणजे ती स्वतः.

मावशी वर्षातून दोनदा यायची. पत्र्याची पेटी, अंगाला साबणाचा आणि लोण्याचा वास, आणि मे महिन्याच्या उकाड्यातही अंगात लाल स्वेटर. वस्तीतल्या बायका हसायच्या. आई तिला म्हणायची, "काढ गो तो, घामानं भिजलीस." मावशी म्हणायची, "राहू दे, मला आवडतो." मला तेव्हा वाटायचं, मोठं झाल्यावर आपण मावशीसारखं व्हायचं.

मग आई बाळंतपणात गेली. प्रयाग तिचं नाव. बाळही गेलं. घरात राहिलो बाबा, मी आणि पाच वर्षांची आवडी. मावशी दुसऱ्या दिवशी आली ती आवडीला कडेवर घेऊनच राहिली.

आईचं पुण्यानुमोदन, म्हणजे दिवसांचं कार्य, झालं त्या दुपारी आजोबा, म्हणजे आईचे वडील धोंडू, अंगणात बसून बाबांना म्हणाले, "भागोजी, तू तरणा हायस. आज ना उद्या दुसरी करशील. ती परकी बाई या पोरींना कशी वागवील कोण जाणे. त्यापरास आपली मंजुळा काय वाईट हाय?"

मावशी दारातच उभी होती. ती म्हणाली, "बा, मी हाय ना. सुट्टी वाढवून घेते. दोन-तीन महिने राहते. लगीन कशाला?"

"तरणी पोर दाजीच्या घरात राहील, लगीन न करता? लोकं तोंडात शेण घालतील."

"मग पोरींना मी वर नेते. माझ्या खोलीत राहतील."

"आणि भागोजीनं काय करायचं? कोर्टातनं येऊन चूल फुंकायची?"

बाबा महाडच्या कोर्टात शिपाई होते. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. ते त्या दिवशी खाली मान घालून बसले होते आणि काडीने मातीत रेघा ओढत होते. त्यांनी नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी ती गोष्ट तिथेच मोडली असती. मी त्यांच्याकडे बघत होते. ते रेघा ओढत राहिले.

मावशीने परत तोंड उघडलं तेव्हा आजोबांनी हात वर केला. "बास. तुझ्या भैनीची पोरं हायेत. रस्त्यावरची नायत."

बोलणं तिथे संपलं.

लग्नानंतर पहिल्या दिवसापासून एक अडचण आली. आधी मावशी बाबांना दाजी म्हणायची. आता दाजी म्हणता येईना, आणि दुसरं काही तोंडात बसेना. मग ती त्यांना हाक मारायचीच नाही. भाकरी झाली की भांडं जरा वाजवायची. बाबांना कळायचं. आम्ही तर तिला मावशीच म्हणत राहिलो. बायका आम्हाला दटावायच्या, "आता आई म्हणा गो." मावशी म्हणायची, "काय नको."

रविवार सगळ्यात वाईट जायचा. वस्तीत त्याला आयतवार म्हणतात. बाकीचे दिवस शाळा असायची, आयतवारी शाळा नाही, बाबा घरी. त्या दिवशी सकाळी आई आम्हाला न्हाऊ घालायची, मग ओल्या केसांनी आम्ही चुलीपुढे बसून घावणे खायचो. आई गेल्यावर आयतवार उजाडला की आवडी अंथरुणातच रडायला लागायची. कशानेही थांबायची नाही. मी रडायचे नाही, पण काही खायचेही नाही. मावशीने घावणे केले तरी मी ताट सरकवून द्यायचे. म्हणायचे, "आईचे असे नव्हते." खरं तर तसेच होते. दोघी बहिणी एकाच चुलीवर शिकलेल्या.

असे चार-पाच आयतवार गेले. मग एका शनिवारी संध्याकाळी मावशीने रोजच्यापेक्षा जास्त भाकऱ्या थापल्या. मी म्हटलं, "एवढ्या कुणाला?"

"उद्याला."

"शिळ्या?"

"शिळ्याच लागतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आवडी रडत उठली तेव्हा मावशी चुलीपुढे होती. तिने तांदळाच्या त्या शिळ्या भाकऱ्यांचे तुकडे केले, दुधात भिजत टाकले. अंडी आमच्याच कोंबड्यांची, सहा, फोडून फेटली. कांदा, मिरची, लसूण बारीक चिरून तेलावर परतली, हळद टाकली. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्याला आतून तेल लावून तळाला हळदीची दोन पानं अंथरली. भाकरीचा एक थर, कांद्याचा एक थर, परत भाकरी, असं पातेलं भरलं आणि वरून अंडी ओतली. मग निखारे चुलीच्या तोंडाशी ओढून त्यांच्यावर पातेलं ठेवलं, वर लोखंडी झाकण, आणि झाकणावरही निखारे. आमच्याकडे काकडीचं धोंडस करतात ते असंच, खालून-वरून विस्तव देऊन. पण भाकरी आणि अंडी कुणी अशी कोंडली नव्हती.

आवडी रडायची थांबून बघत होती. "हे काय हाय?"

"तिथं पोरं होती ना बोर्डिंगात," मावशी म्हणाली, "ती पण आयतवारी रडायची. मोठमोठ्या घरची पोरं. तोंडात चादर कोंबून रडायची. मग आग्नेस बाई शनिवारचे उरलेले पाव घ्यायची, दूध, अंडी, चीज, आणि एवढा मोठा ट्रे भट्टीत लावायची. म्हणायची, घर आठवतं ते आयतवारी सकाळी. तेव्हा पोटात गरम जायला पायजे आणि सगळ्यांना एकाच भांड्यातनं मिळायला पायजे."

"मग ती गप व्हायची?"

"खाईपर्यंत तरी व्हायची."

पहिल्या दिवशी खालचा थर करपला. असं कोंडून भाजायला तिला चुलीच्या आचेचा अंदाज नव्हता, भट्टीचा होता. पण वरून ते फुगून पिवळं झालं होतं, कडा सुटल्या होत्या. मावशीने उलथन्याने चौकोनी तुकडे पाडले. आवडीने तीन खाल्ले. बाबांनी एक तुकडा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला, खाल्ला, आणि दुसऱ्यासाठी ताट पुढे केलं. मी मुद्दाम मागितलं नाही. मावशीने माझ्यासमोर तुकडा ठेवला आणि पाणी आणायला विहिरीवर गेली. ती गेल्यावर मी तो खाल्ला. वरचा कुरकुरीत, आतला मऊ, मिरची जिभेला हळूच लागणारी. माझ्या पोटात इतक्या दिवसांनी काहीतरी नीट बसलं. ती परत आली तेव्हा तिने रिकामं ताट उचलून धुतलं.

त्यानंतर दर आयतवारी ते व्हायला लागलं. त्याला आम्ही दुसरं नाव दिलंच नाही, नुसतं आयतवारचं म्हणायचो. "मावशी, आयतवारचं झालं का?" पावसाळ्यात ती त्यात टाकळ्याची कोवळी पानं घालायची, थंडीत सोललेले वाल. दूध नसलं तर नारळाचा रस. हळूहळू करपणं थांबलं. विहारातली सकाळची वंदना आटोपली की शेजारपाजारच्या बायका वास घेत अंगणात थांबायच्या. मावशी त्यांनाही एकेक तुकडा द्यायची. कुणी म्हणायचं, "मंजुळा, तुझ्या हाताला गुण हाय गो." आणि बाबा, जे आठवडाभर कोर्टात "जी साहेब, जी साहेब" करून यायचे आणि घरी मोजकंच बोलायचे, ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या हातचं खाल्ल्याबिगर आता आयतवार उजाडत नाय."

सगळे हसले. मावशी पण हसली. पण मी तिच्याजवळच बसले होते. तिने हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि दाराबाहेर रस्त्याकडे बघितलं. हे ती नेहमीच करायची. आम्हाला गरम वाढायची आणि स्वतः उंबऱ्यावर, पाठ आमच्याकडे करून बसायची. तिने ते आमच्याबरोबर गरम खाल्लेलं मला आठवत नाही. उरलं तर दुपारी खायची. बहुतेक वेळा उरायचं नाही.

महाबळेश्वरची गाडी सकाळी आमच्या वस्तीपाशी थांबायची. कंडक्टर तिला जुना ओळखत होता. एकदा, लग्नाला वर्ष झालं असेल, शाळेला दांडी मारून मी करवंदीच्या जाळीमागे लपले होते. मावशी पिशवी घेऊन थांब्यावर आली. नेसणं नीट होतं, केस विंचरलेले. गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडून विचारलं, "काय गं मंजुळा, वर का? लय दिसांनी!"

तिने दांड्याला हात घातला. पाय वर टाकणार तेवढ्यात मागून आवडी पळत आली, अनवाणी, नुसत्या झबल्यावर. ओरडली नाही की काही नाही. येऊन मावशीच्या पदराला धरून उभी राहिली.

"चल लवकर," कंडक्टर म्हणाला.

"नाय," मावशी म्हणाली, "मी आपली पोरीला गाडी दाखवाया आले."

गाडी गेली. मावशी बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग पिशवीतून तिने तो लाल स्वेटर काढला, आवडीच्या अंगात घातला आणि तिला उचलून घरी नेलं. मी हे कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. सकाळी उठले की आधी पेटी जागेवर आहे का बघायचे. मी दहा वर्षांची पोर, पण मी तिची राखण करत होते, हे आता स्पष्ट सांगायला हवं.

१९८३च्या उन्हाळ्यात तिला पत्र आलं. मावशी चौथी शिकलेली, अक्षरं लावून लावून वाचायची, म्हणून तिने ते माझ्याकडे दिलं. मी तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत जाणार होते. पत्र आग्नेस बाईचं होतं, शाळेच्या कारकुनाने मराठीत लिहून दिलेलं. त्यात लिहिलं होतं की मी आता थकले, गोव्याला भावाकडे जाणार. शाळेच्या मोठ्या बाईंना मी तुझं नाव सांगितलं आहे. माझी जागा तुला देतील. राहायला माझीच खोली, मागच्या बाजूची, खिडकीची. पोरींना घेऊन ये, इथे त्यांना शाळेत घालता येईल. जूनच्या आत ये, नाहीतर दुसरी बाई घेतील.

मी मोठ्याने वाचलं. मावशीने मला परत वाचायला लावलं. मग खिडकीची ओळ तेवढी पुन्हा एकदा.

चार दिवस ती वेगळीच होती. भाकरी थापताना काहीतरी गुणगुणायची. आवडीची वेणी घालताना तिला म्हणाली, "तिथं ढग घरात येतात. खरंच. खिडकी उघडी ठेवली तर खाटेवर येऊन बसतात." आवडी खूश. मी मात्र उठून बाहेर गेले.

आयतवारी खाणं झालं, बाबांनी हात धुतले, आणि मावशीने त्यांच्यासमोर पत्र ठेवलं. बाबांनी ते वाचलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं असं मावशी नंतर म्हणायची, चिडलेल्या माणसाशी भांडता येतं.

"मी काय तुला बांधून ठेवलंय का?" बाबा म्हणाले. "जायचं तर जा. मी एकटा राहीन. मला काय, कोर्टाच्या बाहेर भजीपाव मिळतो."

"तुमी पण तिकडं बदली मागून घ्या ना."

"शिपायाला कोण मागून बदली देतो? तो जिल्हाच वेगळा." मग पत्राची घडी करत ते म्हणाले, "पण पोरींना विचार. पोरी येत असतील तर खुशाल ने. माझं काही म्हणणं नाय."

त्यांनी ते आमच्यावर टाकलं आणि बाहेर निघून गेले.

मावशी आमच्यासमोर येऊन बसली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "विशाखा, तू मोठी हायस. सांग. येशील का?"

मला काय झालं होतं ते आज नीट सांगता येत नाही. आईच्या हातचं घर, आईने सारवलेली भिंत, बाबा भजीपाव खात एकटे बसलेले, असं सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि राग आला. तिच्या त्या चार दिवसांच्या गुणगुणण्याचा राग. मी म्हटलं, "आम्ही नाही येणार. तुला जायचं तर जा. आई गेली तशी तू पण गेलीस असं आम्ही समजू."

आवडीने माझ्याकडे बघितलं आणि तीही म्हणाली, "मी पण नाय येणार."

मावशी चुलीतल्या राखेकडे बघत बसली. मग म्हणाली, "कार्ड हाय का घरात? दप्तरातनं आण."

ते पोस्टकार्ड मी माझ्या अक्षरात लिहिलं. तिने सांगितलं तेवढंच. 'आग्नेस बाई यांस, जय भीम. पत्र पोचलं. येता येणार नाही. तुम्ही तब्येतीला जपा. मंजुळा.' खाली तिने स्वतःच्या हाताने सही केली आणि शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून बसली.

पुढच्या आयतवारी आयतवारचं झालं. नेहमीसारखंच फुगलेलं, पिवळं. बाबा म्हणाले, "आज मस्त जमलंय." मी खाल्लं. आधी ते खाताना मला बरं वाटायचं. त्या दिवशी तसं वाटलं नाही, पण न खाऊन तिला काय सांगणार होते? ती उंबऱ्यावर बसली होती. आता ती रस्त्याकडेही बघत नव्हती, पायाच्या बोटांकडे बघत होती. आम्ही चौघं त्या घरात एकमेकांना सोडत नव्हतो, आणि हे एकट्या मावशीलाच ठाऊक होतं असं नाही. मलाही होतं.

अशी तीन वर्षं गेली. मी दहावी झाले, ८६ साली. आमच्या वस्तीतली दहावी पास झालेली मी दुसरी मुलगी. निकालाच्या आठवड्यातच बाबांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा मुंबईला गोदीत कामाला, घर बिरवाडीकडचं. बाबा खुशीत होते. "आयतवारी सकाळच्या गाडीने बघायला येतायत," ते मावशीला म्हणाले. "तुझं ते आयतवारचं कर. मुलाच्या आईला सांगून ठेवलंय मी."

मावशीने विचारलं, "पोरगीला इचारलं का?"

"तिला काय विचारायचं? चांगलं घर हाय."

मी भाकरी खात राहिले. खरंच सांगते, मला वाटलं, माझं असंच व्हायला पाहिजे. मी तिला अडकवलं, आता मी अडकेन. त्यात मला एक प्रकारचा न्याय दिसत होता.

शनिवारी संध्याकाळी मावशीने मोजक्याच भाकऱ्या केल्या. मला वाटलं, पाहुण्यांसाठी सकाळी वेगळं काही करणार असेल. आयतवारी उजाडलं तेव्हा तिने अंघोळ केली, चांगलं लुगडं नेसली, आणि थंड चुलीपुढे पाट मांडून बसली. चुलीत राखच होती. लाकूड नाही, निखारा नाही.

बाबा न्हाऊन आले. "चूल का पेटली नाय?"

"पेटवायची नाय म्हणून."

"म्हंजे? माणसं यायची झाली."

"येऊ देत."

"बरं वाटत नाय का तुला?"

"मला काय झालंय?" ती म्हणाली.

तेवढ्यात गाडी थांबल्याचा आवाज आला. मुलगा, त्याचे काका आणि त्याची आई राहीबाई. राहीबाई मोठ्या आवाजाची, गोल चेहऱ्याची बाई. जय भीम झाले, सतरंजीवर बसणं झालं, पाणी झालं. पाणी मावशीनेच दिलं. मग सगळे वाट बघत बसले. बाबांनी दोनदा वळून आत बघितलं. राहीबाई स्वयंपाकघराच्या दाराकडे नाक करून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या घरच्या खाण्याची लय तारीफ ऐकली. सकाळपास्नं चा पण घेतला नाय मी, पोटात जागा ठेवलीय."

मावशी दारात येऊन उभी राहिली.

"राहीबाई, तुमी मोठ्या हाय. राग मानू नका. आज या घरात चूल पेटली नाय. पोरगी हुशार हाय, ती महाडला कॉलेजात जाणार. हे रोज सकाळच्या गाडीनं महाडला जातात, पोरगी बरोबर जाईल. तिचं शिक्षण व्हयस्तोवर लगीन नाय. तोपर्यंत तुमचा मुलगा थांबला तर थांबला."

बाबा उठून उभे राहिले. "मंजुळा!"

"मला इचारलं नव्हतं," मावशी म्हणाली. ती पहिल्यांदा सरळ बाबांकडे बघून बोलत होती. "सात वर्सं झाली. कुणी इचारलं नव्हतं. हिला इचारा. आज, सगळ्यांसमोर इचारा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते, नव्या साडीत. मी म्हटलं, "मला शिकायचंय, बाबा." एवढंच.

मुलाचा काका पुटपुटला, अपमान झाला वगैरे. राहीबाईने त्याला हाताने गप्प केलं. ती म्हणाली, "शिकू द्या की. पण बाई, एवढंच सांगायचं व्हतं तर कार्ड टाकायचं. मला उपाशी कशाला बोलावलंत?" शेजारच्या हैबतीकाकांनी त्यांना घरी नेऊन चहा पाजला आणि पुढच्या गाडीत बसवून दिलं.

बाबा त्या दिवशी मावशीशी बोलले नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. फक्त बाहेर ओट्यावर जाऊन बसले, ते संध्याकाळपर्यंत. पुढच्या आयतवारी चूल पेटली, भाकरी-कालवण झालं, पण आयतवारचं झालं नाही. त्याच्या पुढच्या आयतवारीही नाही. आवडी बारा वर्षांची झाली होती, तिने एकदा विचारलं, "मावशी, आज पण नाय?" मावशी म्हणाली, "आपल्याकडं सध्या आयतवार नाय." बाबांनी ते ऐकलं आणि ताटातली भाकरी मोडत राहिले.

वस्तीत बोभाटा झाला. आजोबा मुद्दाम येऊन मावशीला बोलून गेले, "दिल्या घरी नीट राहाया येत नाय तुला?" ती म्हणाली, "राहिलेच हाय ना, बा. कुठं गेले?" त्यावर आजोबा चहा न घेताच उठून गेले.

चौथ्या आठवड्यात बाबा एका संध्याकाळी कोर्टातून आले आणि चपला काढायच्या आधी आत गेले. चुलीशेजारी फळीवर त्यांनी एक घडी घातलेला कागद ठेवला. अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म होता. कोर्टातल्या एका कारकुनाकडून अर्धा भरूनही आणला होता. माझं नाव, त्यांचं नाव, आणि आईच्या नावाच्या जागी आधी 'प्रयाग' लिहून खोडलं होतं, मग 'मंजुळा' लिहून तेही खोडलं होतं. जागा रिकामीच होती.

"हे तूच सांग काय लिहायचं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मला की मावशीला.

मावशीने कागद बघितला. "प्रयाग लिही," ती मला म्हणाली. "ती तुझी आई."

मी दोन वर्षं बाबांबरोबर महाडला जात राहिले. गाडीत ते माझ्यासाठी खिडकीची जागा धरायचे आणि स्वतः उभे राहायचे. त्यांना त्या आयतवाराबद्दल काय वाटत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मावशी आणि ते एकाच घरात राहत होते, एकमेकांचं करत होते. याहून जास्त मी काही म्हणू शकत नाही. आग्नेस बाई गोव्याला वारल्याचं पत्र ८७ साली आलं. तेही मीच वाचून दाखवलं. मावशीने ते घेतलं, घडी केली, आणि गुरांना वैरण घालायला गेली.

बारावीनंतर मला पनवेलला डी.एड.ला जागा मिळाली, हॉस्टेलसकट. निघायच्या सकाळी मी मावशीबरोबर घरात एकटीच होते. बाबा आणि आवडी माझी पेटी घेऊन पुढे थांब्यावर गेले होते. इतक्या वर्षांत जे विचारायची हिंमत झाली नव्हती ते मी विचारलं.

"मावशी, तुला माझा राग येतो का? मी तेव्हा तसं बोलले त्याचा?"

ती अंथरुणाची गुंडाळी करत होती. हात न थांबवता म्हणाली, "येतो ना."

तिला वाटलं असेल, एवढं पुरेसं नाही.

"तुझा येतो. ह्यांचा येतो. बाचा येतो. कधी कधी तुझ्या आईचा पण येतो, ती मेली म्हणून. मग माझी मलाच लाज वाटते." तिने चादरीचं टोक आत खोचलं. "पण तुझ्यावर माया पण हाय. दोन्ही हाय. तू आता शिकलेली, तूच काय ते समजून घे."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "रडत बसू नको, गाडी चुकेल. ती दोरी दे इकडं."

आम्ही दोघींनी मिळून वळकटी बांधली. मी एका बाजूने गुडघ्याने दाबून धरली आणि तिने दोरी आवळली. गाठ तिने इतकी घट्ट मारली की हॉस्टेलवर पोचल्यावर ती मला दातांनी सोडवावी लागली.